भाद्रपदाआधीची तयारी: आमच्या युवा कार्यक्रमाचे यंदाचे वर्ष

मृग नक्षत्र लागले की दापोली तालुक्याच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या गावांत कामांचे सगळे वेळापत्रकच बदलते. हापूसची शेवटची पेटी रवाना झालेली असते, काजूची बी वाळवून विकून झालेली असते, हर्णै बंदरातील यांत्रिक नौका १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि दहावी-बारावीचा निकाल हाती घेतलेली मुले पुढे काय करायचे या विचारात असतात. परिसरातील काही गावांत आम्ही जो ग्रामीण युवा विकास कार्यक्रम चालवतो, त्याचे वर्षही याच कारणाने जूनमध्ये सुरू होते. सरलेल्या हंगामात काय घडले आणि भाद्रपदापर्यंत व त्यानंतर काय करायचे ठरले आहे, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विशेषतः मुंबई, ठाणे, पुणे येथे राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांपर्यंत ते पोहोचावे अशी इच्छा आहे, कारण यंदाचा सर्वांत महत्त्वाचा उपक्रम त्यांच्या सहभागावाचून पुरा होऊ शकणार नाही.

आधी सरलेल्या हंगामाविषयी. अंजर्ले आणि मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले आणि त्यातूनच पुढे घरगुती निवासव्यवस्थेचा व्यवसाय गावात रुजला. घरट्यातील अंडी उबवणी केंद्रात सुरक्षित हलवल्यानंतर साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात, त्यामुळे ती पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची खरी गर्दी फेब्रुवारीनंतर होते. आमच्या कार्यक्रमातील काही मुलामुलींनी या काळात पाहुण्यांना माहिती सांगण्याचे, किनाऱ्यावर शिस्त राखण्याचे आणि निवास देणाऱ्या घरांचे हिशेब ठेवण्याचे काम केले. यांतील हिशेबाचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. बारावी वाणिज्य झालेल्या मुलींनी घरातील काकी-मावशींसोबत बसून धान्य, मासळी, गॅस, वीज आणि मजुरी यांचा रोजचा खर्च लिहून काढला, तेव्हा एका पाहुण्यामागे खरोखर किती उरते हे त्या घरांना प्रथमच नेमके कळले, आणि काही घरांनी त्यानुसार पुढील वर्षाचे दर ठरवले.

काही जण बँक ऑफ इंडियाच्या रत्नागिरी येथील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जाऊन आले. ‘आरसेटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थांत प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य असते आणि प्रशिक्षणानंतरही काही काळ पाठपुरावा केला जातो, ही माहिती अजूनही आमच्या वाड्यावाड्यांत पुरेशी पोहोचलेली नाही. ज्यांना दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम, कुक्कुटपालन यांसारखी कामे शिकायची आहेत, त्यांची नावे आम्ही या महिन्यात पुन्हा नोंदवून घेत आहोत.

पावसाळ्यातील पहिले मोठे काम म्हणजे कलमांचे. आंब्याची कोय फळातून निघाल्यावर फार दिवस ठेवली तर ती रुजत नाही, म्हणून गावातील रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या कोयी मुलांनी मे महिन्याच्या अखेरीपासूनच गोळा करून गादीवाफ्यांत रुजत घातल्या आहेत. रोप पंधरा-वीस दिवसांचे झाले आणि त्याची पाने अजून तांबूस असली की कोय कलम बांधायचे. त्यासाठी लागणारी काडी ज्या हापूस झाडावरून घ्यायची, तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ राखून कापून ठेवावी लागतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो आणि कलम लवकर फुटते. रोपाच्या जाडीची काडी निवडणे, रोपाच्या खोडाला मधोमध चीर देणे, काडीला पाचरीसारखा आकार देणे आणि प्लास्टिकच्या पट्टीने हवा-पाणी आत न जाईल असे घट्ट बांधणे हे सारे वाचून येत नाही, ते हाताला वळण लागल्यावरच येते. जुलै आणि ऑगस्टमधील दमट हवेत या कलमांचे यश सर्वांत चांगले असते, म्हणून हे प्रशिक्षण या दोन महिन्यांतच ठेवले आहे. काजूची रोपे मृदुकाष्ठ कलमासाठी, म्हणजे कोवळ्या खोडावर बांधायच्या कलमासाठी, थोडी मोठी, दीड-दोन महिन्यांची व्हावी लागतात. त्यासाठी आम्ही वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींच्या काड्या वापरणार आहोत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आमच्यापासून इतके जवळ असताना गावातील मुलाने विकतचे कलम लावावे आणि स्वतः बांधू नये, ही गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. बागांची राखण, फवारणी, काढणी या कामांसाठी आज कोकणात नेपाळहून आलेले मजूर मोठ्या संख्येने राबतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण कलम बांधण्याचे आणि झाड ओळखण्याचे ज्ञान आपल्या घरातूनच हद्दपार होऊ नये, इतकी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

मात्र कलम बांधायला शिकलेल्या मुलासमोर त्याच दिवशी दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हे कलम लावायचे कोणाच्या जमिनीत. यंदाच्या कार्यक्रमाचा केंद्रबिंदू आम्ही याच प्रश्नाला केले आहे, आणि त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

कार्यक्रमात मनापासून काम शिकलेल्या एका मुलाने गेल्या वर्षी घरामागच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत काजूची बाग करायचे ठरवले. २०१८-१९ पासून राज्यात सुरू असलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंतच्या लागवडीसाठी अनुदान मिळू शकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने सातबारा काढला, तेव्हा त्यावर त्याच्या आजोबांचे आणि आजोबांच्या भावांचे नाव सामाईकात निघाले. त्या भावांपैकी दोघे कधीच निवर्तले होते आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नव्हती. वारसांपैकी कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, तर एक कुटुंब बडोद्यात स्थायिक झालेले. जमीन वर्षानुवर्षे हाच मुलगा आणि त्याचे वडील राखत आले होते. गवत कापणे, वणव्यापासून बचाव करणे, बांध घालणे हे सारे त्यांनीच केले होते, परंतु कागदावर त्यांचे स्वतंत्र असे काहीच नव्हते. सहहिस्सेदारांची संमतीपत्रे वेळेत मिळाली नाहीत आणि लागवडीचा हंगाम निघून गेला. तो मुलगा आता भिवंडीला एका गोदामात नोकरीला आहे.

कोकणाबाहेरील वाचकांना या गोष्टीचे गांभीर्य कदाचित सहज जाणवणार नाही. आमच्याकडे जमिनीचे तुकडे लहान, डोंगरउताराचे आणि अनेक पिढ्यांच्या सामाईक मालकीचे असतात, आणि गेली शंभरहून अधिक वर्षे घरातील एक माणूस गावात व बाकीचे मुंबईत अशी विभागणी चालत आली आहे. गिरण्यांच्या काळात मुंबईहून मनीऑर्डर येत होती आणि गावातील भाऊ जमीन सांभाळत होता, तोवर सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे याने फारसे अडत नव्हते. आज पीक कर्ज, पीक विमा, फळबागेचे अनुदान, शेततळे या प्रत्येक गोष्टीसाठी तोच कागद पुढे ठेवावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हाही नुकसानभरपाईच्या वेळी सामाईक खात्यांच्या घरांत हीच अडचण आली. बाग राखणारा माणूस पडलेली झाडे उचलत होता आणि त्याच वेळी मुंबईतील चुलत भावंडांना फोन करून संमतीपत्रे मागत होता. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा ज्यांचे कागद सुटसुटीत होते, त्यांच्या उजाड डोंगरांवर आंबा-काजू उभा राहिला, आणि त्याच बागांवर पुढे त्यांच्या मुलांची शिक्षणे झाली. ज्यांचे कागद अडकलेले होते, त्यांचे कित्येक डोंगर आजही तसेच गवताचे आहेत.

म्हणून या जूनपासून कार्यक्रमातील प्रत्येक मुलाने आणि मुलीने स्वतःच्या घराचा सातबारा व आठ-अ उतारा (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींची एकत्र नोंद) काढून तो वाचायला शिकायचा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तेवढा खर्च प्रत्येकाने स्वतः करावा असा आमचा आग्रह आहे, कारण स्वतः पैसे भरून काढलेला कागद माणूस जपून वाचतो. भोगवटादार वर्ग एक (निर्बंध नसलेली जमीन) आणि दोन (हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) यांत काय फरक आहे, इतर हक्कांत कोणाची नोंद आहे, कोणता फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, कधी झाला, पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य भाग, किती आहे, हे समजून घेण्यासाठी आम्ही महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची मदत घेतली आहे. त्यानंतर प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून वंशावळ लिहायची आहे. आजे-पणजे, त्यांचे भाऊ आणि बहिणी, त्यांची मुले, आज कोण कोठे आहे आणि कोणाचा मृत्यू कधी झाला, हे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे हे काम पावसाळ्यातच उरकावे लागेल. घरातील आजी बहुधा सर्वांत जास्त सांगू शकते, कारण लग्नकार्यांच्या निमित्ताने सगळी नाती तिच्या ध्यानात राहिलेली असतात.

यापुढचे पाऊल वारस नोंदीचे. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि सर्व वारसांची नावे नमूद केलेले शपथपत्र घेऊन अर्ज केला की गावचे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद धरतात आणि संबंधितांना नोटीस देतात; हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. वारस नोंदीचा अर्ज आता घरबसल्या ऑनलाइनही करता येतो, आणि हे काम आमची मुले उत्तम करू शकतात. त्यानंतर सर्व सहहिस्सेदारांची संमती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून धारण जमिनीचे वाटप करून घेता येते. प्रत्येक घराने लगेच वाटप करावे असे आमचे म्हणणे नाही. काही कुटुंबांना जमीन सामाईकच ठेवायची असते आणि तो त्यांचा अधिकार आहे. अशा वेळी योजनेपुरते लेखी संमतीपत्र दिले तरी गावातील मुलाची बाग उभी राहू शकते.

येथे मुंबईकर नातेवाइकांच्या मनातील भीतीविषयी लिहिले पाहिजे. संमतीपत्र दिले म्हणजे आपला हिस्सा गेला, असा समज फार खोलवर बसलेला आहे, आणि जमिनीच्या व्यवहारांत ज्या फसवणुकी किनारपट्टीवर घडल्या आहेत त्या पाहता या भीतीला काहीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. पण फळबागेसाठी दिलेली संमती आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने मालकी बदलत नाही, दुसऱ्याने बदलते. सही करण्यापूर्वी कागदाचे शीर्षक आणि त्यातील प्रत्येक ओळ वाचावी, शंका असल्यास वकिलाला विचारावे, आणि कोणी घाई करत असेल तर सही करू नये, अगदी घाई करणारा आमच्या कार्यक्रमातील असला तरीसुद्धा. घरातील बहिणी आणि आत्या यांच्याबाबत तर मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे २००५ च्या दुरुस्तीने संपूर्ण देशात मुलांइतकाच हक्क दिलेला आहे, तरीही सणाला माहेरी आलेल्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत अजून चालू आहे. वंशावळीत मुलींची नावे वगळलेली असतील, तर ती वंशावळ आम्ही पुरी झाली असे मानणार नाही, आणि कोणाचेही हक्कसोडपत्र तयार करण्याचे काम हा कार्यक्रम करणार नाही. कार्यक्रमातील मुलींनी ही अट स्वतः मांडली आणि मुलांनी ती मान्य केली, याचे मला फार समाधान आहे.

किनाऱ्यावरील वाड्यांत जमिनीइतकेच समुद्राचे प्रश्न आहेत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. या काळात नौका शाकारून ठेवलेल्या असतात, जाळी सांधण्याचे काम चालते आणि तांडेल (नौकेचे प्रमुख) व खलाशी घरी असतात, म्हणून शिकण्यासाठी यासारखा दुसरा काळ नाही. जुन्या तांडेलांनी मुलांना जाळी सांधणे, दोर गाठणे आणि खाडीच्या तोंडावरील वाळूचे दांडे ओळखणे शिकवायचे, तर मुलांनी त्यांना मोबाइलवर येणारे हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे इशारे आणि संभाव्य मासेमारी क्षेत्राचे अंदाज वाचून दाखवायचे, असे ठरले आहे. नौकेच्या इंजिनाच्या दुरुस्तीचे प्रशिक्षणही याच काळात व्हावे असा प्रयत्न आहे. आज साध्या बिघाडासाठीही दुरून मेकॅनिक येण्याची वाट पाहावी लागते आणि बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात नौका बंदरात अडकून पडते. त्याचबरोबर प्रथमोपचार आणि बुडणाऱ्याला वाचवण्याचे मूलभूत शिक्षण सर्वांनाच द्यायचे आहे, कारण मुरूड, कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी भरतीचा अंदाज नसलेले पर्यटक पाण्यात उतरतात आणि मदतीला पहिल्यांदा धावतात ती गावातील मुलेच.

ज्यांना व्यवसाय सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी २०१९ पासूनच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अर्ज भरण्याचे एक सत्र होईल. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती यांसारख्या विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान असते, पण बँकेने कर्ज मंजूर केल्याशिवाय ते मिळत नाही. त्यामुळे अर्जापेक्षा प्रकल्प अहवाल नीट लिहिण्यावर भर द्यावा लागेल. कोकम आगळ, आमसूल, फणसाचे गरे तळणे, काजूगर फोडणे यांपैकी जे काम घरात आधीपासून होते, त्याचाच अहवाल आधी लिहावा, हा माझा सल्ला आहे. निवास देणाऱ्या घरांनी जो रोजचा खर्च लिहून ठेवला, तसाच लेखाजोखा येथेही लागणार आहे.

यानंतर ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची तयारी दरवर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि त्या दिवशीच्या ग्रामसभेत जे मांडले जात नाही, ते आराखड्यात येण्याची शक्यता फार कमी असते. आमच्या मुलांनी गेल्या काही महिन्यांत आपापसांत चर्चा करून दोन मागण्या निश्चित केल्या आहेत. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या शाळेची एक खोली अभ्यासिका म्हणून उघडून मिळावी, आणि गावच्या रोपवाटिकेसाठी विहिरीवरून पाण्याची एक स्वतंत्र जोडणी मिळावी. मागणी करणारा ग्रामसभेचा सदस्य असला पाहिजे आणि त्यासाठी गावच्या मतदार यादीत नाव हवे. आता मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून जुलैमध्ये नमुना ६ भरून घेण्याचे काम प्रत्येक वाडीतील दोघांकडे सोपवले आहे. नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्या मुलांनी आपले नाव कोठे ठेवायचे याचा निर्णय त्यांनीच विचारपूर्वक घ्यावा. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही.

पावसाळा सरला की कातळशिल्पांच्या अभ्यासाची एक सहल रत्नागिरी व राजापूर तालुक्यांत न्यायची आहे. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे येथील जांभ्या कातळावरची ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, आणि ज्यांना मार्गदर्शक म्हणून काम करायचे आहे त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली असावीत. तिचा तपशील नंतर कळवू.

आता गणपतीला गावी येणाऱ्या सर्वांना विनंती. गाडीचे आरक्षण आपण केव्हाच केले असेल. निघण्यापूर्वी घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांचे मृत्यूचे दाखले शोधून त्यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. मृत्यू मुंबईत झाला असेल तर दाखला महानगरपालिकेकडून मिळवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आताच करावा. स्वतःच्या आणि भावा-बहिणींच्या आधार कार्डांच्या प्रती, जुने सातबारे, फेरफाराचे उतारे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, जे काही कपाटात असेल ते सोबत आणावे. सणाच्या दिवसांत सरकारी कार्यालये बंद असतात, त्यामुळे अर्ज आणि शपथपत्रांचे मसुदे आमची मुले श्रावणातच तयार करून ठेवणार आहेत. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत रोज सकाळी आरती आटोपली की ग्रामदेवतेच्या देवळाच्या सभामंडपात ही मुले कागद घेऊन बसतील. ज्या घराला वंशावळीची पडताळणी करायची आहे, त्या घरातील शक्य तितक्या सर्वांनी, आणि माहेरवाशिणींनी अवश्य, एकत्र यावे. ज्यांना यंदा येणे शक्य नाही, त्यांनी श्रावण संपण्यापूर्वी गावातील आपल्या घरी फोन करून वंशावळीतील आपल्या शाखेची नावे तेवढी लिहून द्यावीत.